भोईरबुवांची भीती

भोईरबुवांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्याला घाबरत, पालीला घाबरत, डॉक्टरला, पोलिसाला, बँकेतल्या फॉर्मला घाबरत. उंची सहा फूट, मनगट माझ्या दोन मनगटांएवढं आणि आवाज असा की माईक नसला तरी देवळाबाहेरच्या पिंपळापर्यंत जावा. पण रस्त्यात कुत्रं आडवं आलं की हा माणूस माझ्यासारख्या पाच फुटी बाईच्या मागे लपायचा. त्याची त्यांना लाजही नव्हती. दुसऱ्या कुणी भूक लागली म्हणून सांगावं, तितक्या सहज ते सांगत, "मना भेव वाटतं गो."

'मना' म्हणजे मला. बुवा आगरी. मोरिवलीच्या पुढे कारखान्यांच्या भिंतींना पाठ लावून बसलेला एक लहानसा पाडा आहे, तिथले. पाड्याचं नाव लिहीत नाही, कारखान्याचंही नाही. इतक्या वर्षांनीही ती नावं कागदावर उतरवायला हात तयार होत नाही. बुवांच्या घरची भातजमीन वडिलांच्या काळातच कारखान्यांत गेली. त्या जागी उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात बुवांनी बॉयलरवर नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर गावच्या विठ्ठलाच्या देवळात भजन-कीर्तन धरलं.

मी बदलापूरच्या कात्रप भागात राहते. तेव्हा त्या पाड्याजवळच्या रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बुवांचा पेटीवाला मुलाकडे पुण्याला गेला आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. ते मला विचारायला घरी आले ते चार मजले चढून. लिफ्ट चालू होती. पण त्या डब्यात स्वतःला कोंडून घ्यायचं त्यांना जमणारं नव्हतं. दारात धापा टाकत उभे राहिले आणि म्हणाले, पेटी वाजवाल तर बरं होईल, नाही म्हणालात तरी पाणी द्या.

असे आम्ही तिघं झालो. बुवा, मी आणि पखवाजावर सुरेश. सुरेश उल्हासनगरचा, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायचा. घर सफाई कामगारांच्या वस्तीत. बापाने आयुष्यभर गटारं साफ केली, धाकटा भाऊ विनोद ठेकेदाराकडे तेच काम करायचा. सुरेशने मात्र लहानपणी कुठल्याशा बुवाच्या मागे लागून पखवाज उचलला होता. तो बोलायचा फार कमी, आणि बोलला तर अर्धं हिंदीत.

बुवांचं कीर्तन पंडिती नव्हतं. संस्कृत त्यांना येत नसे आणि येतं असा आवही ते आणत नसत. ते सांगायचे की भजन म्हणजे साक्ष असते. देवाने काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, आणि माणसाने काय केलं तेही सांगायचं. साक्ष अर्धी देता येत नाही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, देवावर एवढा भरवसा आहे तर मग ही भीती कशी काय राहते.

"देव भेव काढून नाय घेत," ते म्हणाले. "तो नुसता संगतीला येतो. मंग दोघांनी मिलून घाबरायचं."

मी हसले. मला ते तेव्हा विनोदी वाटलं.

एका गणपतीत कात्रपच्या एका चांगल्या सोसायटीत आमचं भजन होतं. यजमान कंपनीत अधिकारी, घर नीटनेटकं, आरास सुंदर. मध्यंतरात चहा आला. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून, आणि सुरेशला कागदी कपातून. यजमानीणबाईंनी ते इतक्या सफाईने केलं की मला आधी दिसलंच नाही. सुरेशने कप घेतला आणि खाली बघून फुंकर मारायला लागला. त्याला त्याची सवय होती.

बुवांनी आपला पेला खाली ठेवला. ते हात जोडून उठले आणि बाईंना म्हणाले, "वहिनी, मनापन कागदाचाच द्या. गनपतीसमोर दोन परकार नको."

आवाज अगदी हळू होता, पण खोलीतली बडबड थांबली. बाईंचा चेहरा उतरला. त्या काहीतरी पुटपुटल्या, पेले कमी पडले म्हणून. बुवांनी मान डोलावली, जणू त्यांना ते पटलं. मग मीही पेला खाली ठेवला, आणि त्या दिवशी झांजांच्या साथीला आलेले गावचे दोघेही. शेवटी सगळ्यांना कागदी कप आले. भजन पुढे सुरू झालं आणि त्या दिवशी बुवा फार छान गायले.

परत निघालो तेव्हा सोसायटीच्या फाटकाबाहेर बुवा भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांनी भडाभडा ओकून टाकलं. सुरेशने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. बुवा म्हणाले, आता ही लोकं आपल्याला पुन्हा बोलावणार नाहीत. तसंच झालं.

यानंतर दीड-दोन वर्षांनी, मे महिन्यात, विनोद गेला. तो ज्या टाकीत गेला ती आमच्या कारखान्याची होती.

सांडपाण्याची जमिनीखालची टाकी साफ करायला ठेकेदाराने दोन माणसं आणली होती, विनोद आणि दिलीप नावाचा एक बिहारकडचा मजूर. अशा टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासायची असते. वायरला बांधलेलं यंत्र खाली सोडायचं, ऑक्सिजनचा आकडा बघायचा, परवान्याच्या कागदावर तो लिहून सही करायची. ते काम प्रयोगशाळेचं, म्हणजे माझं. त्या दिवशी मला कुणी बोलावलंच नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आरडाओरडा ऐकून मी बाहेर धावले, तर दोघांना काँक्रीटवर आडवं केलेलं. आधी दिलीप पडला, त्याला काढायला विनोद उतरला. कुणीतरी विनोदच्या पायातले गमबूट ओढून काढले आणि त्यातून काळं पाणी सांडलं. सुरेशचा भाऊ म्हणून मी त्याला ओळखत होते. देवळात एक-दोनदा टाळ वाजवायला आला होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर परवान्याचा कागद होता, आदल्या दिवशीच्या तारखेचा. ऑक्सिजनचा चौकोन रिकामा, सहीची जागा रिकामी. त्याने मला धमकी दिली नाही. माझ्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाचं काय झालं ते विचारलं. सध्या नोकऱ्यांचं किती कठीण आहे ते सांगितलं. मग पेन पुढे केलं. मी हवा चांगली असताना जो आकडा येतो तो लिहिला आणि सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

पाच दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. रविवारी दुपारी देवळात गेले तर बुवा एकटेच चटई अंथरत होते. मी पेटीसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. बुवा माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"मी असतू तं मीपन केली असती सही," ते म्हणाले. "मना तं पेन बघूनच भेव वाटतं."

मग चटईची सुरकुती सरळ करत त्यांनी विचारलं, "सही काढून घेता येते का गो?"

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. ते खोटं होतं. चौकशी लागली होती, सरकारी अधिकारी एकेकाला बोलावणार होते, तिथे खरं सांगता येणार होतं. बुवांनी पुन्हा त्याविषयी एक शब्द काढला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

देवळासमोर त्या वर्षी नवा सभामंडप बांधून होत आला होता. खाली संगमरवर, वर कोरीव खांब आणि छताला बारा पंखे. सगळा खर्च आमच्या शेठचा, म्हणजे कारखान्याच्या मालकाचा. दुर्घटनेच्या आधीच ठरलेलं होतं ते. उद्घाटन महिन्याभराने होतं आणि कीर्तन बुवांचं. देवस्थान समितीचा अध्यक्ष बुवांचा चुलतभाऊ. बुवा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, सुरुवातीला त्या दोघांचं नाव घेऊ, दोन मिनिटं उभं राहू, मग कीर्तन करू. अध्यक्षाने सांगितलं की मंगल कार्यात मेलेल्यांचं नाव घेत नसतात. आणि ती कुठली माणसं, त्यांचा आपल्या देवळाशी काय संबंध. शिवाय शेठ समोर बसणार. बुवांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन अंथरूण धरलं. दोन दिवस ताप होता. मी भेटायला गेले तर गोधडीतून म्हणाले की कीर्तनाला दुसरा कुणी बघा असं सांगून टाकावं म्हणतो. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पण उद्घाटनाच्या सकाळी बुवा उभे राहिले. धोतर-सदरा, डोक्याला फेटा, गळ्यात वीणा. मंडप भरला होता. पुढे खुर्चीवर शेठ, शेजारी अध्यक्ष, मागे गाव. उकाडा असा की संगमरवरही गरम लागत होता. बारा पंखे वर गरगरत होते, नवे असल्याने आवाज नाही. मी पेटी धरून बसले होते. सुरेश पखवाजावर होता. तो का आला ते मला कळलं नव्हतं. बुवांनी बोलावलं म्हणून आला होता, एवढंच. बुवांच्या हातातल्या चिपळ्या त्यांनी न वाजवताच वाजत होत्या. समोरच्या बायकांना वाटलं, म्हातारपण.

नमन झालं. मग बुवा थांबले. त्यांनी देवाकडे पाहिलं, शेठकडे नाही.

"पांडुरंगा," ते म्हणाले, "तुझ्या मंडपात आज लय गार वारा हाय. शेठनी दिला. आमच्या विनोदला आन दिलीपला टाकीत श्वासाला हवा नाय गावली. हवा तुझी हाय. ती मानसाला मोजून देनारा तू नाय, दुसरा कुनीतरी हाय. मना हिथं वाऱ्यात उभं रावून तुझं नाव घेता येत नाय. पंखे बंद करा."

कुणी हललं नाही. माझा हात भात्यावर होता आणि पेटीतून एकच सूर निघत होता, तो थांबवायचं मला सुचत नव्हतं. अध्यक्ष अर्धवट उठला. बुवांनी पुन्हा सांगितलं, पंखे बंद करा. मग स्वतःच वीणा सावरत कोपऱ्यातल्या बटणांपाशी गेले आणि एकेक बटण बंद करायला लागले. बारा बटणं. शेवटच्या पंख्याची पाती थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

तेवढ्यात कुणीतरी माईक बंद केला. बुवांना त्याची गरज नव्हतीच. त्यांनी दोघांची नावं घेतली, बापाच्या नावासकट. दिलीपच्या बापाचं नाव त्यांनी कुठून मिळवलं होतं कुणास ठाऊक. मग त्यांनी भजन धरलं आणि सुरेशची थाप पडली. सगळे घामाने निथळत होते. पुढच्या रांगेतली माणसं उठून गेली. शेठ रुमालाने मान पुसत शेवटपर्यंत बसला, चेहऱ्यावरचं हसू न हलवता. त्या हसण्याची मला जितकी भीती वाटली तितकी मागे उठलेल्या आरडाओरड्याची वाटली नाही. बऱ्याच बायका मात्र बसून राहिल्या. पदराने वारा घ्यायचंही त्यांनी थांबवलं होतं.

पुढचे दोन महिने असे गेले. समितीने बुवांकडून वीणा आणि देवळाची किल्ली परत घेतली. त्यांच्या घराच्या नळाची जोडणी कुणीतरी तोडली. समोरच्या टपरीवर रोज दोन अनोळखी माणसं मोटरसायकल लावून बसायला लागली. काही बोलत नसत, नुसती बघत. बुवांच्या मुलाच्या गाड्या कारखान्यांत भाड्याने लागलेल्या होत्या, त्या बंद झाल्या. मुलाने बापाशी बोलणं सोडलं. बुवा घराबाहेर पडेनासे झाले. पडले तर सुरेश किंवा मी सोबत हवे. रिक्षा मागून आली तरी ते दचकून भिंतीला चिकटत. मीही तशीच झाले होते. कात्रपच्या जिन्यात कुणाची पावलं वाजली की दाराची कडी बघायला उठायची.

एक दिवस बुवांना पोलीस ठाण्यात बोलावलं. धार्मिक कार्यात व्यत्यय आणल्याची तक्रार होती. मी आणि सुरेश पोहोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक धोतर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि दोन भाकऱ्या. त्यांनी गृहीतच धरलं होतं की आता आत टाकणार. साहेबांनी विचारलं, कार्यक्रमात गोंधळ का घातला. बुवा पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

"सायेब, मना तुमचं लय भेव वाटतं," ते म्हणाले. "पन मी बोललू ते खरं हाय. तुम्ही मारलंत तरी मना दुसरं सांगता येनार नाय, कारन दुसरं काय झालंच नाय."

साहेबांनी चहा मागवला आणि जबाब लिहून संध्याकाळी सोडून दिलं. बाहेर आल्यावर बुवा मला म्हणाले की पिशवीतल्या भाकऱ्या वाया घालवायच्या नाहीत. आम्ही तिघांनी त्या पोलीस ठाण्याच्या भिंतीला टेकून खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात चौकशीत माझा नंबर होता. मी बुवांना नुसती तारीख सांगितली होती. सकाळी त्या सरकारी कचेरीच्या दारात ते उभे, फेटा बांधून, सुरेशचा हात धरून. तिसऱ्या मजल्यावर आम्ही जिन्याने चढलो. ते बाहेर बाकावर बसले आणि मी आत गेले. आत माझ्या सहीचा कागद समोर आला. ही तुमचीच सही का, असं अधिकाऱ्याने विचारलं. मी म्हणाले, सही माझी आहे, आकडा खोटा आहे, मला त्या दिवशी टाकीपाशी बोलावलंच नव्हतं. मी शूर झाले नव्हते. दाराबाहेर माझ्यापेक्षा घाबरलेला एक माणूस बसलाय, हे मला माहीत होतं, आणि त्याच्यासमोरून खोटं बोलून बाहेर जायचं कसं, ते मला सुधरत नव्हतं.

नोकरी गेली. आता कात्रपला एका क्लासमध्ये विज्ञान शिकवते. ठेकेदारावर आणि मॅनेजरवर खटला चालू आहे, तारखा पडतात. विनोदच्या आणि दिलीपच्या घरच्यांना भरपाई मिळाली, ती माझ्या जबाबामुळे, असं वकील सांगतात. शेठ परदेशी जाऊन-येऊन असतो. मंडपात पंखे फिरतात, गुरुवारी कीर्तन होतं, दुसरे बुवा करतात. चांगलं करतात.

आमचे बुवा मुलीकडे बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला गेले. आम्ही तिघं महिन्यातून एकदा सुरेशच्या वस्तीत भजनाला बसत असू. तिथे देऊळ नव्हतं, विनोदच्या बायकोच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसायचो, आणि अर्धी माणसं बाहेर गल्लीत. बुवा गेले ते गेल्या पावसाळ्यानंतर, साध्या तापाने, चार दिवसांत. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पण त्याच्या दोनेक आठवडे आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं.

सकाळी दहाची वेळ होती. मी एका विद्यार्थिनीच्या घरी हेंद्रेपाड्यात निघाले होते आणि रिक्षा मध्येच अडकली. पुढे गर्दी होती, गाड्या हॉर्न मारत होत्या. काय झालंय ते बघायला उतरले. रस्त्याच्या मधोमध गटाराचं झाकण उघडलेलं होतं आणि त्या भोकाच्या काठावर भोईरबुवा बसले होते, दोन्ही पाय आत सोडून. शेजारी चड्डी-बनियनवर एक तरुण कामगार उभा होता, कमरेला दोर. मुकादम ओरडत होता की आजोबा उठा, कामाचा खोळंबा होतोय. बुवा त्याला सांगत होते, गटार उपसायचं मशीन आणा, मग उठतो, माझ्या अंगावरून याला आत सोडता येणार नाही. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि फेटा एका बाजूला घसरला होता. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नव्हता.

मी जाऊन त्यांच्या मागे उकिडवी बसले आणि हाक मारली. आवाजावरून त्यांनी ओळखलं, डोळे उघडले नाहीत.

"धर गो मना," ते म्हणाले. "खाली बघवत नाय."

मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. तो सहा फुटी देह इतका थरथरत होता की माझे हातही हलायला लागले. त्या कामगाराने कमरेचा दोर सोडला आणि आमच्या शेजारी खाली बसला. मशीन यायला दीड तास लागला. तोवर आम्ही तिघं तिथेच होतो.